दुष्काळानंतरची पहिली नांगरट

१/ इ. स. १४२९ च्या सुमारास बहमनी सुलतानाने महाराष्ट्रात एक फौज रवाना केली. फौजेबरोबर दादो नरसू काळे नावाचा अनुभवी ब्राह्मण कारभारी आणि दरबारातील एक तुर्की खोजा असे दोघे होते. ओस पडलेल्या गावांत पुन्हा शेती उभी करणे हे त्यांचे काम. त्यांनी बांधलेला सारा असा होता : पहिल्या वर्षी काहीही नाही, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य. #थ्रेड

२/ तोबरा म्हणजे घोड्याला चंदी चारण्यासाठी त्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. एका सुलतानी राजवटीने एका बिघ्याच्या पिकातून घोड्याच्या एका वेळच्या चंदीइतकेच धान्य मागावे, यात दयेपेक्षा हिशेब अधिक होता. हा हिशेब महाराष्ट्राने पुढील चारशे वर्षांत अनेकदा मांडला, काही वेळा मोडला, आणि तो मोडल्याची किंमत प्रत्येक वेळी कुणब्याने मोजली. या धाग्यात त्याच हिशेबाचा इतिहास.

३/ त्या फौजेमागची आपत्ती म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ. परंपरा त्याचा आरंभ १३९६ मध्ये धरते आणि त्याची मुदत बारा वर्षे सांगते. गावे उठली, डोंगरी किल्ले आणि घाटवाटा स्थानिक पुंडांच्या हाती गेल्या, आणि पाऊस परतल्यावरही कित्येक वर्षे वसूल झाला नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने १८२६ मध्ये ही हकीकत नोंदवून ठेवली. फौजेला आधी खटाव आणि महादेवाच्या डोंगरातील लुटारूंचा बंदोबस्त करावा लागला, त्यानंतरच शेतीचा विषय निघाला.

४/ या हकीकतीत एक बारीकसा तपशील आहे. जुने रहिवासी नाहीसे झाल्यामुळे गावाची शीव कोठून कोठवर, हे सांगणारेच कोणी उरले नव्हते. म्हणून दोन-दोन, तीन-तीन गावे एकत्र करून नव्या सीमा आखल्या गेल्या आणि जो कसेल त्याला जमीन देण्यात आली. दुष्काळाने माणसे नेली, तशी जमिनीची स्मृतीही नेली. वारस न उरलेल्या जमिनीला जुन्या दप्तरांत ‘गतकुळी’ म्हणतात. या एका शब्दात एकेका घराण्याचा शेवट सामावलेला असतो.

५/ दुष्काळ सरला म्हणजे शेती आपोआप पूर्ववत होते, असा समज सर्वत्र आढळतो. पाऊस आला, जमीन जागेवर आहे, मग अडले कोठे? अडते ते जमिनीच्या बाहेर. बैल मेलेले किंवा विकलेले असतात. बियाण्याची ज्वारी पोटात गेलेली असते. नांगर-पाभर दुरुस्त करणारे सुतार-लोहार गाव सोडून गेलेले असतात. आणि परतलेल्या कुणब्याला पेरणीपासून मळणीपर्यंतचे महिने खायला काही नसते.

६/ यांत बैलांचे नुकसान सर्वांत जड. महाराष्ट्राच्या काळ्या, चिकट जमिनीतला मोठा नांगर ओढायला चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. त्यातून जमीन तीन-चार वर्षे पडीक राहिली की हरळी आणि कुंदा माजतो. त्यांची मुळे खोल जातात आणि हलक्या औताला दाद देत नाहीत. म्हणजे बैल सर्वांत कमी असतात तेव्हाच नांगरट सर्वांत अवघड झालेली असते.

७/ एरवी कुणबी यावर इर्जिकीने मात करीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले बैल-नांगर आणून एकाचे शेत एका दिवसात नांगरून द्यायचे आणि त्याने सर्वांना जेवण घालायचे, ही जुनी रीत. परंतु इर्जिकीसाठी गावात चार बैलजोड्या तरी उभ्या असाव्या लागतात आणि जेवण घालायला घरात दाणे असावे लागतात. सबंध परगणाच बसला की गावाची ही स्वतःची व्यवस्थाही कोलमडते. तेथून पुढे बाहेरचा हात लागतो. तो हात कोणाचा, आणि तो काय घेऊन येतो, यावर पुढचे दशक अवलंबून असते.

८/ दुर्गादेवीनंतर दोन शतकांनी हा प्रश्न पुन्हा तितक्याच भीषण रूपात उभा राहिला. १६३० मध्ये गुजरात, खानदेश आणि दख्खन येथे पावसाने दगा दिला. त्याच वेळी शाहजहानचे सैन्य निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होते. खानदेशात जे धान्य उरले होते, त्यावर पहिला हक्क लष्कराचा ठरला. अवर्षण आणि युद्ध यांची गाठ पडली.

९/ ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघाला. खानदेशातून जाताना वाटेवर पडलेली प्रेते आणि जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचणारी माणसे त्याने पाहिली. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तर पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली जात असल्याचे लिहिले. परका प्रवासी आणि दरबारी लेखक यांची साक्ष येथे एकमेकींना पुष्टी देते.

१०/ देहूच्या तुकोबांच्या घरावर हाच दुष्काळ कोसळला. द्रव्य आटले, मान गेला आणि एक पत्नी अन्न अन्न करीत मेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितले आहे. घर वाणी-महाजनाचे, म्हणजे गावात उधारी देणारे. वडिलोपार्जित खतपत्रे भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी कथा महिपतीने नोंदवली आहे. भक्तिपरंपरेत ही वैराग्याची खूण मानली जाते. दुष्काळी गावाच्या बाजूने पाहिले तर कित्येक ऋणकऱ्यांची थकबाकी त्या दिवशी संपली.

११/ बादशाहानेही मदत केली. बऱ्हाणपुरात लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले. अहमदाबादेसाठी पन्नास हजार मंजूर झाले. खालसा मुलखात सुमारे ७० लाख रुपयांच्या साऱ्याची सूट मिळाली. आकडे लहान नाहीत. परंतु लंगराने माणूस आज जगतो. उद्याच्या पेरणीची सोय त्यात नसते. आणि ज्याचे शेत पेरलेच गेले नाही, त्याला साऱ्याच्या सुटीचा उपयोग तो काय?

१२/ परिणाम वीस वर्षांनीही दिसत होता. १६५२ च्या सुमारास दख्खनच्या चार मोगल सुभ्यांचा वसूल कागदावर सुमारे तीन कोटी ६२ लाख रुपये होता. हाती येत होता जेमतेम एक कोटी. युद्धे, वारंवार बदलणारे सुभेदार आणि त्यांची घाईची वसुली यांनी दुष्काळाची जखम भरूच दिली नव्हती. कागदावरची रक्कम आणि प्रत्यक्ष वसूल यांच्यातील ही तफावत म्हणजे न नांगरलेल्या जमिनीचे मोजमाप होते.

१३/ याच वीस वर्षांत, मोगल हद्दीबाहेर, पुण्याच्या परिसरात वेगळा प्रयोग चालू होता. दुष्काळाच्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले होते. गाढवाचा नांगर फिरवून तेथे वस्ती होऊ नये अशी द्वाही त्याने फिरवल्याचे परंपरा सांगते. शहाजीराजांची ही जहागीर १६३६ नंतर पुन्हा लागवडीखाली येऊ लागली, तेव्हा नैसर्गिक आपत्ती आणि राजकीय सूड या दोहोंचे ओझे तिच्यावर होते.

१४/ जिजाऊसाहेबांनी पुण्याच्या भूमीत सोन्याचा नांगर फिरवला, ही लोकपरंपरेतील कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘येथे नांगर धरणे अशुभ नाही’ असे रयतेला दाखवणारी ती खूण. बखरींतील तपशील त्याहून रोखठोक आहेत. ओसाडीमुळे लांडगे माजले होते, म्हणून लांडगा मारणाऱ्या मावळ्याला बक्षीस ठेवले गेले. पडीक जमीन उठवणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षागणिक थोडाथोडा वाढवत नेला.

१५/ चढत्या साऱ्याच्या या पद्धतीला ‘इस्तावा’ म्हणतात, आणि तो देण्याच्या सरकारी अभयाला ‘कौल’. या कामात दादोजी कोंडदेवांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. श्रेय कोणाचेही असो, पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. दादो नरसूच्या तोबऱ्यामागचे तत्त्वच येथे पुन्हा भेटते : कुणबी उभा राहण्यापूर्वी त्याच्यावर पूर्ण सारा लादायचा नाही, आणि पुढील वर्षांचा आकडा त्याला आजच सांगून ठेवायचा.

१६/ आधी सांगून ठेवण्याला इतके महत्त्व का? परतावे की नाही हे कुणबी ज्या हिशेबावर ठरवी, त्यात त्याचे श्रम तीन-चार वर्षांचे असत. पहिल्या वर्षी हरळी-कुंदा काढण्यातच हंगाम जाई; खरे पीक तिसऱ्या वर्षी हाती येई. तेच पीक कोणी अधिकारी वाढीव साऱ्यात उचलून नेणार असेल, तर शेजारच्या मुलखात उपरी म्हणून कसणे शहाणपणाचे होते. जमीन मुबलक आणि माणसे थोडी, अशा त्या काळात गाव सोडून जाणे हे रयतेचे सर्वांत मोठे हत्यार होते.

१७/ मोगल दख्खनमध्ये हे वर्म ओळखणारा माणूस म्हणजे मुर्शिद कुली खान. (बंगालचा त्याच नावाचा नवाब पुढचा, आणि वेगळा.) खुरासानातून आलेला हा कारभारी औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत बालाघाटाचा आणि १६५६ पासून सबंध मोगल दख्खनचा दिवाण झाला. त्याने गावोगाव अमीन आणि मोजणीदार पाठवले, जेथे पाटील उरला नव्हता तेथे नवा नेमला, आणि बैल-बियाण्यासाठी सरकारी खजिन्यातून कर्ज दिले. हे कर्ज पिकाच्या वेळी हप्त्यांनी फेडायचे होते.

१८/ या कर्जाला ‘तगाई’ म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘बळ देणे’. मराठीत तो इतका मुरला की पुढे तो परका वाटेनासा झाला. मुर्शिद कुलीने सारा आकारण्याची एकच पट्टीही सर्वत्र लावली नाही. कोठे नांगरामागे ठरीव रक्कम, कोठे मोजणीवर दर, तर कोठे पिकाची वाटणी. वाटणीतही पावसावरच्या पिकात सरकारचा निम्मा, विहिरीच्या पाण्यावरील धान्यात तिसरा हिस्सा. कारण पाणी काढण्याचा खर्च कुणब्याचा होता.

१९/ मोजणीत अन्याय होऊ नये म्हणून तो स्वतः साखळीचे टोक धरी, अशी त्याची ख्याती होती. तरीही त्याची व्यवस्था ज्या राजकारणाच्या आधारावर उभी होती, तेच अस्थिर होते. एप्रिल १६५८ मध्ये धर्मतच्या लढाईत, औरंगजेबाला तख्त मिळवून देताना, तो मारला गेला. ज्या शेतीची त्याने पाच-सहा वर्षे घडी बसवली, ती पुढे त्याच धन्याच्या पाव शतकाच्या दख्खन मोहिमेत पुन्हा तुडवली गेली.

२०/ हा हिशेब सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडणारा कागद मात्र मराठीत आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र लिहिले. प्रभावळी म्हणजे दक्षिण कोकणातला मुलूख. पत्राचा प्रसंग दुष्काळाचा नाही. विषय आहे पडीक जमीन आणि खचलेला कुणबी. परंतु आपत्तीनंतर कोणकोणती कामे कोणत्या क्रमाने करायची, याची जणू संपूर्ण यादीच त्यात आहे.

२१/ आधी अधिकाऱ्याची कानउघाडणी : रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये. मग काम. सुभेदाराने गावोगाव हिंडावे, कुणबी गोळा करावे आणि कोणाजवळ काय आहे ते पाहावे. ज्याच्या घरी माणूसबळ आहे पण बैल, नांगर, दाणे नाहीत, तो अडून बसला आहे. त्याच्या हाती रोख रक्कम देऊन दोन-चार बैल घेववावेत, पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, आणि त्याच्याने होईल तितके शेत करवावे.

२२/ येथे कुणब्याची पाहणी उत्पन्नाच्या नव्हे, उणिवेच्या अंगाने होते. माणूस आहे, बैल नाही. तर बैल द्या. बैल आहे, दाणा नाही. तर दाणा द्या. सर्वांना सरसकट समान रक्कम वाटण्यापेक्षा, एखाद्याची शेती नेमकी कोणत्या वस्तूपाशी अडली आहे ते शोधण्याचे काम सुभेदारावर टाकलेले आहे. ते कचेरीत बसून होणारे नाही. म्हणूनच पत्रात गावोगाव हिंडण्याची आज्ञा आधी येते.

२३/ त्यानंतर परतफेड. त्या काळी धान्य उधार घेतले तर सवाईने किंवा दिढीने परत करावे लागे. याला ‘वाढीदिढी’ म्हणत. महाराजांनी ती वर्ज्य केली. फक्त मुद्दल घ्यायचे, तेही कुणब्याला तवाना येईल तसतसे, हळूहळू. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य होईल, असा भरवसा पत्रात आहे. (लारी म्हणजे कोकण किनाऱ्यावर चालणारे चांदीचे नाणे.) आणि ज्याची जुनी बाकी ऐपतीअभावी वसूल होण्यासारखी नाही, ती माफ करून हुजुरास कळवायचे.

२४/ महाराजांचे सभासद कृष्णाजी अनंत यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बखर लिहिली. तिच्यातही हेच धोरण भेटते : नव्या रयतेस गुरे द्यावीत, बियाण्यास आणि खाण्यास दाणा-पैका द्यावा, आणि तो दोन-चार वर्षांनी माणसाची कुवत पाहून परत घ्यावा. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेचे आणि दोन सरकारचे. पत्र आणि बखर यांचा मेळ बसतो, म्हणून ही एका सुभेदारापुरती केलेली मेहेरनजर नव्हती असे म्हणता येते.

२५/ या व्यवस्थेच्या मर्यादाही पाहायला हव्यात. दोन-पाच हिस्से सारा हलका नव्हे. राज्याला फौज पोसायची होती, किल्ले राखायचे होते. कुणबी उभा राहिला तरच वसूल येणार, हे गणित त्यामागे होतेच. मदत पोहोचे ती नांगर धरणाऱ्यापर्यंत. ज्याच्या नावावर जमीन नाही अशा मजुराचा, किंवा धनी मेल्यावर मागे उरलेल्या बाईचा उल्लेख या कागदांत क्वचितच येतो. देहूच्या त्या भुकेल्या पत्नीची नोंद एका अभंगाने ठेवली. दप्तराने ठेवली नाही.

२६/ पेशवाईत कौल, इस्तावा आणि तगाई हे शब्द दप्तरांत सतत भेटतात. पेशवाई गेल्यावर नवे राज्यकर्ते हा हिशेब विसरले. १८२८ नंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगलच्या मोजणीनुसार निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसला. मोजणी सदोष, त्यात वाईट हंगाम. शेतकरी जमिनी टाकून चालते झाले. अखेर १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. पडीक शेते पुन्हा उठू लागली. जुना धडा नव्या सरकारने तोटा सोसून गिरवला.

२७/ १८७६–७८ च्या महादुष्काळात दख्खनवर त्याहून मोठा प्रसंग आला. सरकारने रस्ते-तलावांची दुष्काळी कामे काढली. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार प्रौढ पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतकी खाली आली. १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडली. न्यायमूर्ती रानडे आणि ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली.

२८/ दुष्काळी कामावर माणूस जगवण्याचा यत्न होता; बैल जगवण्याची तरतूद अपुरी होती. चाऱ्यावाचून गुरे मेली किंवा कवडीमोलाने गेली. सारा माफ करण्यापेक्षा तहकूब करण्याकडे सरकारचा कल असे, आणि तहकूब सारा पुढच्या पिकाच्या बोकांडी बसे. दुष्काळापूर्वीच, १८७५ मध्ये, सुप्यापासून भडकलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. आता बैलासाठी त्याच सावकाराच्या दारी जाणे भाग पडले. इंद्रायणीत बुडालेल्या खतांची जागा नव्या खतांनी घेतली.

२९/ त्यानंतरच्या चौकशीतून फॅमिन कोड आले, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १८८३ मध्ये जमीन सुधारणेसाठी आणि १८८४ मध्ये बैल-बियाण्यासाठी सरकारी कर्जाचे कायदे झाले. गावकऱ्यांनी या कर्जाला जुन्याच नावाने हाक मारली : तगाई. नाव तेच राहिले, परंतु अर्ज, तारण आणि व्याज यांतून वाट काढणे लहान शेतकऱ्याला कठीण होते. खंडी-दोन खंडी घेऊन गावोगाव हिंडणारा सुभेदार कायद्याच्या कलमात मावला नव्हता.

३०/ १८८३ मध्येच जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. सैन्य व पोलिसांतील शिपायांकडून जागोजाग बंधारे-तलाव बांधून घ्यावेत, पाणी शेतात जिरवावे, गुरांची पैदास सुधारावी, अशा सूचना त्यांनी केल्या. येथे विचार एक पाऊल पुढे गेला. कोसळलेल्या शेतकऱ्याला उभे करणे पुरेसे नव्हते. तो पुढच्या अवर्षणात कोसळू नये म्हणून त्याच्या शेतातच तजवीज करायची होती.

३१/ १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना आकाराला आली, वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. १९७९ पासून ती कायद्याच्या रूपात अमलात आली. १६७६ च्या पत्रात ज्याचा उल्लेख नव्हता त्या भूमिहीन मजुराला, आणि दप्तरात क्वचित दिसणाऱ्या बाईला, आता हजेरीपटावर नाव मिळाले. तोबऱ्यापासून सुरू झालेल्या हिशेबात इतक्या शतकांनी ही नवी नोंद पडली.

३२/ आजही दुष्काळाच्या किंवा महापुराच्या बातम्या पाणी आले, किंवा ओसरले, की थांबतात. शेतकऱ्याचे वर्ष तेथून सुरू होते. बैल किंवा त्याच्या जागी आलेला ट्रॅक्टर, बियाणे, मळणीपर्यंतचे धान्य, जुन्या बाकीचा निकाल आणि पुढील दोन-तीन वर्षांची शाश्वती, ही पाच कलमे जुन्या कागदांत पुन:पुन्हा येतात. त्यांतील एकही निसटले तर उरलेल्या चारांवरचा खर्च वाया गेल्याचे दाखलेही त्याच कागदांत आहेत.

३३/ दादो नरसूने दुसऱ्या वर्षी मागितलेला तोबरा बहुधा सहज भरला असेल. त्या धान्याने खजिना भरला नाही. परंतु ज्या बिघ्यातून तो आला, त्यात एका माणसाने हरळी काढली होती, चाड्यावर मूठ धरली होती आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेथेच पेरायचे असे मनाशी ठरवले होते. त्या तोबऱ्यातून दरबाराला कळले ते इतकेच : गाव परत वसले आहे.